पार्टिशनच्या भिंतीत पडलेली अंगठी: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ज्या भिंतीची ही हकीकत आहे ती विटांची नव्हती. झोपायची खोली आणि सामानाची खोली यांच्यामधलं ते पार्टिशन होतं. आत पत्र्याच्या चॅनलचा, म्हणजे पन्हळीसारख्या वळवलेल्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर दोन्ही अंगांनी साडेबारा मि.मी. जाडीचा जिप्सम बोर्ड, आणि मध्ये चार बोटं रुंदीची पोकळी. झोपायच्या खोलीच्या बाजूने, पलंगाच्या उशाशी, या पोकळीचाच उपयोग करून एक उथळ कप्पा काढलेला होता. फोन, चष्मा, घड्याळ असं काहीबाही रात्री तिथे ठेवलं जायचं. चार्जरची वायर खालून वर यावी म्हणून कप्प्याच्या तळाला कोपऱ्यात एक गोल भोक होतं. त्यावरचं प्लास्टिकचं झाकण केव्हातरी निघालं होतं आणि ते परत बसवायचं राहून गेलं होतं.

घरातल्या बाईंची अंगठी तिथूनच गेली. हाताला मलम लावण्यासाठी त्यांनी ती काढून कप्प्यात ठेवली, फोन उचलताना वायर ओढली गेली, अंगठी कडेवर घरंगळली आणि भोकातून आत पडली. पत्र्यावर आपटल्याचा आवाज त्यांनी ऐकला. सोन्याची, मधोमध एक लहान हिरा असलेली ही अंगठी त्यांच्या आईची होती आणि आई आता नव्हती. पुढचे सगळे निर्णय समजून घ्यायचे तर हे लक्षात ठेवावं लागतं. भिंतीचं काय व्हायचं ते होवो, अंगठीला धक्का लागता कामा नये, हे बाईंनी पहिल्याच बोलण्यात स्पष्ट केलं होतं.

घर त्यांचं स्वतःचं होतं, त्यामुळे भिंत उघडायला कुणाची परवानगी लागणार नव्हती. भाड्याचं घर असतं तर पहिला फोन घरमालकाला करावा लागला असता.

मी पोहोचण्याआधी काय झालं होतं

पार्टिशन आणि छताची कामं मी करतो, म्हणून मला बोलावणं आलं. त्याआधी बाईंच्या धाकट्या भावाने दोन प्रयत्न करून पाहिले होते. लोक बहुतेक वेळा याच क्रमाने जातात, म्हणून ते इथे नोंदवतो.

पहिला प्रयत्न चुंबकाचा. दोऱ्याला चुंबक बांधून आत सोडला. वर आले ते स्क्रू आणि पत्र्याचा चुरा. सोनं चुंबकाला लागत नाही. चांदी आणि प्लॅटिनमचंही तसंच. शिवाय अशा पोकळीत चुंबक खालपर्यंत पोहोचतही नाही, कारण वाटेतल्या प्रत्येक लोखंडी पट्टीला तो चिकटतो. या प्रयत्नाने नुकसान झालं नाही, फक्त वेळ गेला.

दुसरा प्रयत्न तारेचा. कपडे अडकवायचा हँगर सरळ करून, टोकाला आकडा वळवून त्याने आत ढवळून पाहिलं. याची मला खरी काळजी वाटली. अंगठी कुठे आहे हे माहीत नसताना तार फिरवली की ती अडकण्यापेक्षा ढकलली जाण्याची शक्यता जास्त. आणि दुसरं म्हणजे, त्याच पोकळीत कप्प्याखालच्या सॉकेटच्या वायरी होत्या आणि वीज चालू होती. भावाच्या हातात उघडी धातूची तार होती. त्याला काही झालं नाही, पण अंगठी तासाभराने मिळाली काय आणि आठवड्याने मिळाली काय, फरक पडत नव्हता. त्या तारेचं तसं नव्हतं.

फोनवर मी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. आत काहीही घालू नका, भोकावर चिकटपट्टी लावा, आणि त्या भिंतीवर कुणी ठोकाठोक करू नये. बाईंनी विचारलं, “तोपर्यंत अंगठी खराब नाही ना होणार?” सोन्याला गंज चढत नाही, जिप्समच्या धुळीने त्याचं काही बिघडत नाही, हिऱ्याचंही नाही. हे ऐकल्यावर त्यांचा आवाज जरा सैल झाला. घाई कशाचीच नाही, हे घरच्यांना पटवणं हा या कामाचा भागच असतो.

अडचण नेमकी कुठे होती

पार्टिशनमध्ये वस्तू पडली की ती थेट तळाशी गेली असणार, असं सगळे धरून चालतात. तळाला जमिनीवर एक आडवं चॅनल असतं आणि त्याच्या समोर बाहेरून स्कर्टिंगची पट्टी. म्हणून सोपा उपाय असा सुचतो की स्कर्टिंग काढा, मागचा बोर्ड थोडा कापा, वस्तू उचला, स्कर्टिंग परत लावा. कापलेलं कुणाला दिसतही नाही. उपाय चांगला आहे आणि बऱ्याचदा तोच योग्य ठरतो. भाऊ तर मी येण्याआधीच स्कर्टिंग उपटायला निघाला होता. बाईंनी त्याला थांबवलं.

पण भिंतीच्या आत काय काय आहे ते बाहेरून दिसत नाही. उभी चॅनल साधारण ६०० मि.मी. अंतरावर असतात, काही ठिकाणी ४००. त्यांच्यामध्ये जिथे जिथे काही जड वस्तू टांगायची असते तिथे आडवी पट्टी घातलेली असते. उभ्या चॅनलना वायरी नेण्यासाठी कारखान्यातच भोकं पाडलेली असतात, आणि त्यातून लहान वस्तू चॅनलपलीकडच्या पोकळीत जाऊ शकते. काही भिंतींत आवाज अडवण्यासाठी काचेच्या किंवा दगडी लोकरीचे थर भरलेले असतात. म्हणजे एका भोकातून पडलेली अंगठी चार वेगवेगळ्या ठिकाणी असू शकते, आणि प्रत्येक ठिकाणासाठी भिंत वेगळ्या जागी उघडावी लागते.

धातुशोधक यंत्र आणायचं का, असं भावाने विचारलं होतं. विटांच्या भिंतीत त्याचा उपयोग झाला असता. पत्र्याचा सांगाडा आणि बोर्डावर ठिकठिकाणी मारलेले स्क्रू असलेल्या भिंतीत ते यंत्र सगळीकडेच वाजतं.

अंगठी कुठे आहे हे कसं ठरवलं

आधी मेन स्विच बंद केला. फक्त त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे तिच्या सर्किटचा स्विच पाडून भागणार नव्हतं, कारण या भिंतीतून सामानाच्या खोलीच्या दिव्याची वायरही जात होती आणि ती वेगळ्या सर्किटवर होती. बंद करण्याआधी टेस्टर चालू पॉइंटवर लावून तो नीट काम करतो हे पाहिलं, मग सॉकेटवर तपासलं.

त्यानंतर अंगठीच्या साधारण वजनाचा एक नट बारीक दोऱ्याला बांधला आणि कप्प्याच्या भोकातून सावकाश खाली सोडला. कप्प्याचा तळ जमिनीपासून सुमारे ११० सें.मी. उंचीवर होता. नट तळाला जायला हवा होता, पण दोरा जेमतेम ४० सें.मी. गेल्यावर ढिला पडला. जरा इकडे तिकडे करून पुन्हा सोडला तरी तिथेच. म्हणजे जमिनीपासून सुमारे ७० सें.मी. वर काहीतरी आडवं होतं. मग बाईंना आठवलं की पलंगाचा डोक्याकडचा जड फळा भिंतीला अडकवायचा म्हणून भिंत बांधतानाच आत आधार घालून घेतला होता.

हा साधा नट या कामात सगळ्यात उपयोगी ठरला. स्कर्टिंग काढून तळ उघडला असता तर तिथे धुळीशिवाय काही मिळालं नसतं, आणि मग त्या निराशेत माणूस भिंत वर वर कापत जातो.

पुढचं काम कॅमेऱ्याचं. फोनला जोडता येणारा, लवचीक वायरच्या टोकाला बारीक दिवे असलेला तपासणी कॅमेरा आता सहज मिळतो. तो भोकातून आत सोडला. पहिल्यांदा पडद्यावर नुसता पांढरा झगझगाट दिसला. गॅल्व्हनाइज्ड पत्रा चकचकीत असतो आणि कॅमेऱ्याच्याच दिव्यांचा उजेड परत मारतो. दिवे मंद केल्यावर चित्र स्पष्ट झालं. आडवं चॅनल वर तोंड करून बसवलेलं होतं, पन्हळीसारखं. त्यात जिप्समची भुकटी, दोन स्क्रू, वायरचा एक तुकडा. अंगठी नाही.

या क्षणी भाऊ म्हणाला, “ताई, ती खालीच गेली असणार.” तसं वाटणं साहजिक होतं. पण कॅमेरा टोकाकडे सरकवत नेला तेव्हा वायरींचा पाइप जिथे चॅनलला छेदून खाली जातो, त्या वळणाच्या मागे धुळीतून एक पिवळी कड दिसली. तीच अंगठी होती. पाइपासाठी चॅनलमध्ये कापलेली खाच पाइपापेक्षा मोठी होती, आणि अंगठी त्या खाचेपासून दोन बोटांवर पडली होती. तारेच्या ढवळण्याने ती तिथवर सरकली की मुळातच तिथे पडली, हे सांगता येणार नाही. पण आणखी एक धक्का लागला असता तर ती खाचेतून तळाला गेली असती.

कोणते पर्याय होते

वरूनच आकड्याने काढावी हा पहिला विचार. कॅमेऱ्यासोबत छोटा आकडा मिळतो, तो टोकाला बसवता येतो. भिंत कापावी लागत नाही, म्हणून मोह मोठा. पण ४० सें.मी. लांब, लवचीक वायरीच्या टोकावर ताबा फार कमी असतो. शिवाय आकडा वळणाच्या मागे न्यायचा तर तो खाचेच्या बाजूनेच आत सरकवावा लागणार होता. काठीच्या टोकाला दुहेरी चिकटपट्टी लावून अंगठी उचलण्याचंही सुचवलं गेलं. धुळीने माखलेल्या वस्तूला चिकटपट्टी धरत नाही, आधी धूळ चिकटते.

दुसरा पर्याय भावाने मांडला आणि तो ऐकायला चमत्कारिक वाटला तरी अगदीच चुकीचा नव्हता. अंगठी मुद्दामच खाचेतून खाली पाडायची आणि मग स्कर्टिंगमागून काढायची. भिंतीचा दिसणारा भाग शाबूत राहिला असता. मी नको म्हटलं, कारण खाली पडल्यावर ती कुठे जाईल यावर आपला काहीच ताबा नव्हता. उभ्या चॅनलमधल्या भोकातून ती पलीकडच्या पोकळीत उडाली असती तर हातातली माहिती पुन्हा शून्यावर आली असती. जी वस्तू दिसते आहे ती नजरेआड होईल असं काही करायचं नाही, एवढं मी पाळतो.

तिसरा पर्याय झोपायच्या खोलीच्या बाजूने बोर्ड कापायचा. हात थेट पोहोचला असता, पण त्यासाठी पलंग आणि डोक्याकडचा फळा काढावा लागला असता, आणि त्या भिंतीवर वॉलपेपर होता. तो जोडला तरी सांधा दिसतो.

चौथा पर्याय पलीकडचा. पार्टिशनला दोन तोंडं असतात, आणि अंगठी ज्या बाजूने आत गेली त्याच बाजूने ती काढली पाहिजे असं काही नाही. सामानाच्या खोलीत त्याच जागी साधा पांढरा रंग होता, पुढे खोकी रचलेली होती. तिथे कापलेलं आणि बुजवलेलं कुणाच्या डोळ्यांत आलं नसतं.

पाचवा, आत्ता काहीच न करता पुढे कधी रंगकाम निघेल तेव्हा भिंत उघडायची. अंगठीच्या दृष्टीने यात धोका नव्हता. पण बाईंना तो मान्य नव्हता, आणि त्यांच्या जागी कुणालाच झाला नसता असं मला वाटतं.

चौथा पर्याय ठरला. त्यावर फार चर्चा झाली नाही.

प्रत्यक्ष काम

सामानाच्या खोलीतून मोजमाप घेताना काळजी लागते, कारण दोन खोल्यांच्या जमिनी एका पातळीत असतीलच असं नाही आणि भिंतीच्या कडाही जुळत नाहीत. म्हणून दोन्ही बाजूंनी दिसणाऱ्या एका खुणेवरून, दाराच्या चौकटीवरून, मापं घेतली. आडव्या चॅनलच्या वर बोटभर अंतर सोडून आधी एक लहान भोक पाडलं, कॅमेरा जाईल एवढंच. ड्रिलच्या पातीवर चिकटपट्टी गुंडाळून खोली ठरवून घेतली होती, म्हणजे बोर्ड ओलांडल्यावर ती आत घुसू नये. त्या भोकातून अंगठी समोरून दिसली. आता ती जागा अंदाजाची उरली नव्हती.

आम्ही लगेच कापायला घेतलं नाही. आधी ती खाच बंद केली. स्पंजचा तुकडा दाबून त्या लहान भोकातून आत ढकलला आणि बारीक तारेने सरकवत पाइपाच्या कडेने खाचेवर बसवला. वरच्या भोकातून कॅमेरा तसाच सोडून ठेवला होता आणि बाई पडद्याकडे पाहत होत्या. “बसला,” असं त्यांनी म्हटल्यावर पुढे गेलो.

कापायला हाताची बारीक करवत घेतली, यंत्र नाही. यंत्राने वेळ वाचतो, पण सांगाड्याला कंप बसतो आणि पाती किती आत गेली ते हाताला कळत नाही. साधारण १२ सें.मी. लांब आणि १० सें.मी. उंच असा चौकोन, आणि चारही कडा आतल्या बाजूला निमुळत्या होत जातील अशा तिरप्या कापल्या. असा तुकडा पुन्हा बसवताना आत पडत नाही. चौथी कड पूर्ण कापण्याआधी तुकड्याच्या मधोमध एक स्क्रू अर्धवट फिरवून ठेवला, त्याला धरून तुकडा बाहेर ओढता आला. हे केलं नाही तर शेवटच्या क्षणी तुकडा आत कोसळतो, नेमका ज्या वस्तूसाठी खटपट चालली आहे तिच्यावर. खाली फरशीवर जाड चादर अंथरलेली होती.

बाहेरची भुकटी व्हॅक्यूम क्लीनरने ओढली. त्याच्या तोंडावर पातळ मोजा ताणून बांधला होता आणि तरीही तो भिंतीच्या आत नेला नाही.

अंगठी भावाने काढली. त्याची बोटं बारीक होती. दोन बोटं आत घालून त्याने ती आधी चॅनलच्या भिंतीला टेकवली, मग चिमटीत धरून वर घेतली आणि ताईच्या तळहातावर ठेवली. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आम्हीही हत्यारं आवरायला घेतली.

निष्पत्ती

अंगठी वाकलेली नव्हती. धुळीत जिप्समच होतं आणि ते सोन्यापेक्षाही मऊ असतं, त्यामुळे ओरखडे पडले नव्हते. पण हिरा धरून ठेवणाऱ्या चार काट्यांपैकी एक किंचित उचलला गेला होता. पडण्याने की तारेने, ते कळलं नाही. बाईंना मी सांगितलं की सोनाराकडून तो काटा बसवून घेईपर्यंत अंगठी घालू नका. धुण्यासाठी वाटीत कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ ब्रश. बेसिनच्या नळाखाली धुवायची नाही, कारण उचललेल्या काट्यातून खडा निसटला तर तो थेट नाल्यात जातो. मोती असता तर साबणपाण्यातही बुडवायला सांगितलं नसतं, ओल्या मऊ कापडाने पुसणं पुरे असतं.

भिंत बुजवणं हे ठरलेलं काम. आत दोन लाकडी पट्ट्या आडव्या धरून स्क्रूने पक्क्या केल्या, कापलेला तुकडा त्यांवर बसवला, सांध्यावर कागदी टेप, जॉइंटिंग कंपाउंडचे पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पॉलिश पेपर, शेवटी रंग. सांधा आता शोधावा लागतो.

इथे बाईंचं आणि माझं मत वेगळं होतं. मला तिथे उघडता येणारी छोटी झडप बसवायची होती. त्या जागेतून वायरींचा पाइप जातो, सॉकेटचं काम पुन्हा निघणारच, आणि भिंत एकदा कापलेली आहेच. बाईंना भिंत पूर्ववत हवी होती. घर त्यांचं, तेव्हा त्यांच्या मनाप्रमाणे केलं. पण अशी वेळ कुणावर आली आणि कापायची जागा आडबाजूची असेल, तर झडपेचा विचार जरूर करावा.

कप्प्यातल्या भोकाला नवं झाकण बसवलं, वायरीपुरतीच चीर असलेलं.

वेगळं काय करता आलं असतं

तारेने ढवळणं टाळता आलं असतं, हे उघड आहे. कॅमेरा कुणाकडून तरी आणायला जो वेळ लागला असता त्यात अंगठी कुठे पळून जाणार नव्हती.

माझ्या मते याहून महत्त्वाची गोष्ट भिंत बांधतानाची आहे. सांगाडा उभा राहिला, वायरी टाकून झाल्या आणि बोर्ड मारायचे बाकी आहेत, त्या दिवशी मोजपट्टी शेजारी धरून प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवले असते तर आडवं चॅनल कुठे, पाइप कुठून, खाच केवढी, हे सगळं एका नजरेत कळलं असतं. आडवं चॅनल वर तोंड करून बसवण्याऐवजी खाली तोंड करून बसवलं असतं तर अंगठी त्यात अडकली नसती हेही खरं, पण मग ती तळाला जाऊन कुठे लपली असती ते सांगता येत नाही. त्याबद्दल गवंड्याला किंवा सुताराला दोष देण्यात अर्थ नाही.

आत लोकर भरलेली असती तर नटाचा दोरा फसवा ठरला असता, कारण नट लोकरीवर अडकतो आणि अंगठी थरांमधून वाट काढून खाली गेलेली असू शकते. तिथे कॅमेराही आंधळा होतो. अशा भिंतीत वरून खाली टप्प्याटप्प्याने लहान भोकं पाडून तपासावं लागतं, आणि लोकर हाताळताना हातमोजे, मास्क, चष्मा लागतोच.

इमारत जुनी असती तर मी करवत उचललीच नसती. पूर्वीच्या काळी भिंतींच्या काही पत्र्यांत आणि लेपांत ॲस्बेस्टॉस वापरलं जाई, आणि त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले की अनेक वर्षांनी जिवावर बेततात. जुन्या रंगात शिसं असू शकतं. भिंत कशाची आहे याची खात्री नसेल तर नमुना तपासून घेतल्याशिवाय कापणं, घासणं, भोक पाडणं काहीही करू नये. नमुनादेखील स्वतः खरवडून काढायचा नाही, ते जाणकार माणसावर सोपवायचं. तोवर भोकावर चिकटपट्टी लावून दागिना आत राहू द्यावा.